अण्णांनी आऊट काढलेलं चाक

सायकलच्या दुकानात वाढलेल्या मुलीला चाकाविषयी वेगळं काही शिकवावं लागत नाही, असं आमचे अण्णा म्हणायचे. शहापुरातलं आमचं दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, बाहेर पाण्याची घमेली आणि हवेचा पंप. येळ्ळूर-धामण्याचे शेतकरी, वडगावचे विणकर आणि दूधवाले ही आमची गिऱ्हाइकं. त्यातल्या दूधवाल्यांचं मागचं चाक महिना-दोन महिन्यांनी आऊट व्हायचंच. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन आणि खाली आपले रस्ते, दुसरं काय होणार? अण्णा चाक उलट्या सायकलवर फिरवायचे, रिमजवळ खडू धरायचे आणि खडू लागेल तिथल्या तारा चावीनं पाव-पाव फेरा ढिल्या-घट्ट करत जायचे. मी स्टुलावर बसून पाढे लिहायची. मधेच ते बोटानं तारा छेडत आणि म्हणत, "ऐक. ही तार खोटं बोलायलीय."

दादाला मात्र त्यांनी दुकानापासून लांब ठेवलं. तो हुशार. बेळगावच्याच मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाला आणि १९७४ साली इंग्लंडला गेला तो तिथलाच झाला. मी हायस्कुलात गणित शिकवलं, पण रविवारी दुकानात बसायची सवय लग्न होईपर्यंत सुटली नाही. म्हणूनच २०२३ च्या मे महिन्यात दादाचा फोन आला तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. त्याची वाट बघत असल्यासारखंच वाटलं म्हणा ना!

"तू जूनमध्ये येणारच आहेस," तो म्हणाला, "पण आधी सांग, मोटारीच्या चाकाच्या तारा सैल झाल्यात का ते कसं ओळखायचं?"

मोटारीच्या चाकाला तारा? वाचकांपैकी जुन्या लोकांनी अशा गाड्या पाहिल्या असतील, संस्थानिकांच्या तर नक्कीच. दादाकडे आहे ती १९६७ सालची एमजीबी, दोन माणसांची, उघड्या टपाची. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. आपल्याकडे २०१९ पासून हेक्टर नावाची मोठी गाडी याच अक्षरांनी विकली जाते, पण तिचा आणि हिचा संबंध नावापुरताच. त्या जुन्या गाड्या १९२९ पासून ऑक्सफर्डच्या दक्षिणेला अ‍ॅबिंग्डन गावात बनत. १९८० साली तो कारखाना बंद पडला. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं निघाली, पाच लाखांहून जास्त. म्हणजे ही काही राजेरजवाड्यांची गाडी नव्हे. नोकरदार तरुणांची हौसेची गाडी. दादानं ती १९८१ मध्ये जुनीच घेतली. त्याचं घर अ‍ॅबिंग्डनपासून थोड्याच मैलांवर आहे.

प्रश्न हौसेचा असता तर मी फोनवरच दोन गोष्टी सांगून मोकळी झाले असते. पण आदल्या वर्षी दादाची बायपास झाली होती. गाडी आता मुलीला द्यायची असं त्यानं ठरवलं होतं आणि ती जुलैच्या सुट्टीत तेरा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून त्याच गाडीनं स्कॉटलंडला जाणार होती. आणखी एक गोष्ट. इंग्लंडमध्ये मोटारींची दरवर्षी सक्तीची तपासणी होते, पण चाळीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना मे २०१८ पासून तीतून सूट मिळाली. सवलत म्हणून लोक खूश झाले. त्याचा अर्थ असा की पाच वर्षं दादाच्या गाडीची चाकं घरच्या माणसांखेरीज कुणीही बघितली नव्हती. आणि घरचं माणूस म्हणजे दादा, ज्याला अण्णांनी कधी चावी हातात धरू दिली नाही.

मी पोचले त्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही गॅरेज उघडलं. गाडी सुंदर, गडद हिरवी. भाचीनं ती उलटी बाहेर काढली. ब्रेक लावला आणि मागून आवाज आला, "टक्क." पुढे घेतली, पुन्हा "टक्क." जवळच्या गॅरेजवाल्यानं ऐकून सांगितलं होतं की तारा सैल आहेत, सगळी चाकं बदला, क्रोमची घाला, गाडीला शोभा येईल.

मी एक छोटा पाना घेतला आणि चाकामागून चाक करत सगळ्या तारांवर हलकेच टिचक्या मारल्या. एका चाकाला साठ तारा. आपल्या सायकलला पुढे बत्तीस आणि मागे चाळीस असतात. ताणलेली तार घणघणीत वाजते, सैल तार बद्द वाजते, तुटलेली तर वाजतच नाही. मागच्या उजव्या चाकात चार-पाच बद्द निघाल्या, पुढे एक-दोन. बाकी सगळ्या ठणठणीत. एवढ्यानं असा आवाज येणार नाही, हे मला पटत नव्हतं तोवर मी उठले नाही.

मग जॅक लावून मागचं चाक उचललं. दादाला आत बसवून ब्रेक दाबून धरायला लावला आणि मी दोन्ही हातांनी चाक फिरवायचा प्रयत्न केला. ब्रेक दाबलेला असताना चाक तसूभरही हलायला नको. ते हललं, थोडंसंच, पण "टक्क" करून. दुसऱ्या बाजूचंही तसंच. दोष तारांत नव्हता, मध्यभागी होता.

इथे या चाकाची रचना सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बैलगाडीचा तुंबा खालच्या आऱ्यांवर उभा असतो. ओझं सरळ लाकडावर येतं. तारांच्या चाकात असं नसतं. बोटांत वाकेल अशी तार ओझं उभ्यानं पेलू शकतच नाही. म्हणून सगळ्या तारा आधीच ताणून बसवतात, आणि सगळीकडून सारख्या ओढीनं हब मध्यावर तोलून धरला जातो. जॉर्ज केली नावाच्या इंग्रजानं ही कल्पना १८०८ मध्येच मांडली होती. १८७४ मध्ये कॉव्हेन्ट्रीच्या जेम्स स्टार्लीनं तारा हबमधून सरळ न काढता तिरक्या, एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या बसवल्या. त्यामुळे पेडलचा जोर हबकडून रिमकडे नीट पोचू लागला. आपल्या दारातली सायकल आजही तशीच आहे. त्याच कॉव्हेन्ट्रीतल्या रज-व्हिटवर्थ या सायकलवाल्या कंपनीनं मोटारीसाठी पटकन निघणारं तारांचं चाक बनवलं. चार-पाच बोल्ट नाहीत, मध्ये एकच मोठा नट. अ‍ॅक्सलच्या हबवर उभ्या दातेरी खाचा, चाकाच्या पोटात तशाच खाचा. एकात एक सरकवायचं आणि वरून नट ठोकायचा, तांब्याच्या हातोड्यानं, म्हणजे नटावर घाव बसत नाहीत. इंजिनाचा सगळा जोर आणि ब्रेकची सगळी अडवणूक त्या खाचांमधूनच चाकाला कळते.

नटाला दोन कान असतात. रस्त्यावरच्या माणसाला लागतील म्हणून १९६८ पासून अमेरिकेत असे कान चालेनासे झाले आणि आठकोनी नट आले, पण दादाच्या गाडीला कानाचेच आहेत. गंमत म्हणजे डाव्या बाजूचे नट साध्या आट्यांचे आणि उजव्या बाजूचे उलट्या आट्यांचे. गाडी पुढे जाताना ते सुटण्याऐवजी आवळले जावेत म्हणून. भाची म्हणाली, "आत्या, हे तुला कसं ठाऊक?" अगं, सायकलचं डावं पेडल उलट्या आट्याचं असतं. आमच्या दुकानात नवा पोरगा आला की पहिल्या आठवड्यात एक तरी डावं पेडल उलटं फिरवून आटे मारून ठेवायचा. हब काढून बसवताना डावा-उजवा बदलला गेला तर मात्र सायकलपेक्षा महागात पडेल. चाकच निघून जाईल.

चाक उतरवलं आणि बोट आत घातलं. खाचांचे दाते चांगले असतील तर माथ्यावर सपाट लागतात. हे सुरीसारखे धारदार लागले. हबवरचेही तेच. वंगण वाळून कोळशासारखं झालेलं. दाते असे धारदार झाले की एक दिवस जोराच्या ब्रेकला ते एकमेकांवरून घसरतात. मग इंजिन फिरतं, पण चाक नाही. आणि ब्रेक दाबला तर हब थांबतो, चाक नाही.

आता निवड. दादाच्या टेबलावर तीन-चार ठिकाणची किंमतपत्रकं होती आणि प्रत्येकात चकाकणारी चित्रं. त्याचं मन क्रोमवर बसलं होतं. शिवाय बहात्तर तारांची रुंद रिमची चाकंही मिळतात, ती जास्त भक्कम. मूळची साठ तारांची, साडेचार इंच रुंद आणि चौदा इंच व्यासाची. बहात्तरवाली बहुधा साडेपाच इंचाची. शर्यतीत पळवणाऱ्यानं ती घ्यावीत. पण रुंद रिमवर रुंद टायर चढवलं की मागच्या मडगार्डला घासायची भीती आणि स्टेअरिंगही जड. ७४ वर्षांचा बाप आणि शाळकरी मुलगा बसणाऱ्या गाडीला साठ तारा पुरेत.

क्रोमबद्दल माझं मत दादाला आवडलं नाही. मी म्हटलं, "साठ तारा, प्रत्येकीचे दोन कोपरे, पाच चाकं. इंग्लंडच्या पावसात दर रविवारी जुना टूथब्रश घेऊन कोण बसणार आहे? तू?" रंगवलेल्या चाकाला गंज आला तर लगेच दिसतो, खरवडून पुन्हा रंग देता येतो. क्रोमचं चाक रंगाच्या जवळजवळ दीडपट किमतीचं होतं. तेवढ्या फरकात मागचे दोन्ही हब नवे येत होते. आणि हब न बदलता नवी चाकं घालणं म्हणजे झिजलेल्या गिअरवर नवी साखळी घालणं. आमच्या दुकानात पैसे वाचवायला असं सांगणारं गिऱ्हाईक सहा महिन्यांत भांडायला परत यायचं. झिजलेले दाते नव्या दात्यांना खातात. गॅरेजवाल्यानं चाकं बदला म्हटलं होतं, हबचं नावही काढलं नव्हतं.

वहिनी धारवाडची. इतका वेळ ती चहा देऊन ऐकत होती. आकडा ऐकल्यावर मात्र दादाकडे वळून म्हणाली, "अल्री, गालिगे इष्टु रोक्का याक्री?" चाकांना एवढे पैसे कशाला! पन्नास वर्षं इंग्लंडमध्ये राहून पैशाचा विषय निघाला की तिची कन्नडच बाहेर येते. माझ्या नवऱ्याचंही तेच आहे, तेव्हा मी काही बोलले नाही. भाचीनं आईला खाच दाखवली, बोट लावून बघायला सांगितलं. वहिनीनं बोट लावलं, मागे घेतलं आणि म्हणाली, "घ्या."

तासाभराच्या अंतरावर तारांची चाकंच बांधणारा एक वयस्क कारागीर आहे, त्याच्याकडे पाचही जुनी चाकं घेऊन गेलो. टायर उतरवता उतरवता त्यानं एक गोष्ट दाखवली. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दादाच्या टायरवर २३११ होतं, म्हणजे २०११ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी, रबर मात्र बारा वर्षांचं. उघडून बघितलं तर कडेला केसांसारख्या भेगा. ही गोष्ट वाचकांनी आपापल्या गाडीवर आजच बघावी. तिला जुनी मोटार लागत नाही.

त्यानं पाचही चाकं एकामागून एक स्टँडवर चढवली. चार चाकं डुलत होती, एखादं जास्त, एखादं कमी. पाचवं चढवलं आणि फिरवलं. ते फिरत आहे की नाही हे रिमकडे बघून कळेना, इतकं सरळ. त्यानं काटा लावला, मान हलवली, पुन्हा लावला. "हे कुणी केलंय?" त्यानं विचारलं.

दादा काही बोलला नाही. तो चाकाजवळ गेला आणि व्हॉल्व्हच्या भोकाशेजारची रबराची पट्टी बोटानं बाजूला केली. तिथे लाल ठिपका होता.

अण्णा १९८४ मध्ये तीन महिन्यांसाठी इंग्लंडला गेले होते. तिसऱ्या आठवड्यात कंटाळले आणि गाडीचं एक चाक सोडवून बसले. बेळगावहून नेलेली चावी मोटारीच्या निपलला बसेना, तर ती कानशीनं घासून मोठी केली. चार दिवस त्याच एका चाकावर होते, असं वहिनी सांगते. तारांची टोकं ट्यूबला टोचू नयेत म्हणून प्रत्येक टोक घासून सपाट केलं. अशा चाकांच्या तारांची टोकं रिमच्या आत निघतात, म्हणून आत ट्यूब आणि वर पट्टी घालावीच लागते. काम झालं की व्हॉल्व्हजवळ ऑईलपेंटचा ठिपका द्यायची त्यांची दुकानातली पद्धत. तिथे ऑईलपेंट कुठलं? वहिनीचं नेलपॉलिश वापरलं. मी हे पत्रातून वाचलं होतं. पुढच्या वर्षी अण्णा गेले. दादाला ते चाक कुठलं हेसुद्धा आता ठाऊक नव्हतं. पाचही चाकं आलटून पालटून लागत आली होती.

कारागिरानं चाक उलटं केलं, टॉर्च आत मारला आणि कपाळाला आठी घातली. खाचा तिथेही संपलेल्या. पाचांतलं सर्वांत सरळ चाक आणि वापरता न येणारं.

दादा म्हणाला, "स्टेपनी म्हणून ठेवू. पडेल डिकीत."

भाची नको म्हणाली. रात्री पावसात हमरस्त्यावर पंक्चर झालं तर ती डिकीत असेल ते चाक लावणार, आणि ते लावायचं की नाही याचा विचार करायला तिथे तिला वेळ नसेल. शिवाय झिजलेलं चाक नव्या हबवर पन्नास मैल चाललं तरी हबचे दाते खराब करणार. तिचं बरोबर होतं. दादा माझ्याकडे बघत राहिला, मी त्याची बाजू घेईन म्हणून. मी घेतली नाही. मग त्यानं कारागिराला विचारलं, यालाच नवा हब बसवता येईल का? येईल, तो म्हणाला, पण त्यासाठी साठही तारा सोडाव्या लागतील आणि चाक पुन्हा पहिल्यापासून बांधावं लागेल. खर्च नव्या चाकापेक्षा जास्त. आणि मग त्या चाकात तुमच्या वडिलांचं काय उरलं?

हे त्यानं अगदी सहज विचारलं. दादा बाहेर जाऊन उभा राहिला. मी त्याच्या मागे गेले नाही. अण्णांनी त्याला दुकानात येऊ दिलं नाही, याचा त्याला अभिमान आहे की दुःख, हे मला साठ वर्षांत कळलेलं नाही. तो परत आला आणि म्हणाला, "नवी द्या. रंगाची. साठ तारांची. पाच."

कारागिरानं मागच्या खोलीतून एक नवं चाक आणलं. रुपेरी रंग, दाते सपाट माथ्याचे, बोटाला भरीव लागणारे. मी टिचक्या मारून बघितल्या. साठही तारा वाजल्या. दोन किंचित खालच्या सुरात होत्या, त्या त्यानं माझ्यासमोर आवळल्या. "तुमच्याच देशात बनतात ही," तो म्हणाला. दादाला हसू आलं. सोळा हजार रुपयांचं विमानाचं जादा वजन भरून मी त्याला लोणच्याच्या बरण्या आणल्या होत्या. चाकं आपापल्या खर्चानं आधीच येऊन बसली होती.

हब बसवायला एक आठवडा लागला. पुढच्या हबची झीज मोजली, ती चालण्यासारखी निघाली, म्हणून मागचे दोनच बदलले. भाचीनं स्वतः काम केलं, मी आटे कुठल्या बाजूचे ते बघत बसले. खाचांना वंगणाचा पातळ हात, नव्या ट्यूब, नवी टायरं, हातोड्याचे मोजके घाव. नवं चाक बसवलं की पन्नासेक मैलांनी नट पुन्हा ठोकून बघायचा असतो, कारण खाचा आणि नटाचा उतार एकमेकांत बसायला तेवढा वेळ घेतात. भाचीनं तो आकडा स्पीडोमीटरजवळ कागदावर लिहून चिकटवला.

अण्णांचं चाक वहिनीनं मागितलं. तिनं ते परसातल्या भिंतीवर एका लोखंडी दांड्यावर अडकवलं आहे आणि झाडांना पाणी द्यायचा पाईप त्यावर गुंडाळते. दादाला आधी ते पटलं नव्हतं. आता संध्याकाळी पाईप तोच गुंडाळतो, असं कळलं.

मी परत आले त्यानंतर दोन आठवड्यांनी स्कॉटलंडहून भाचीचा फोन आला. पन्नास मैलांवर थांबून चारही नट ठोकले, डावा मागचा किंचित फिरला, बाकीचे नाही. टक्क आवाज गेला. पण आता एक नवीन त्रास, ती म्हणाली. टक्क आवाज नसल्यामुळे दारातून शिरणारा वारा ऐकू येतो आणि मुलगा सारखा विचारतो की त्याला काय करायचं. मी सांगितलं, दारांचं मला काही विचारू नका.